भुकेचे गणित : आहारातील प्रथिनांचा वाटा आणि चयापचय

मनुष्य किती खातो हे केवळ चवीवर किंवा संयमावर अवलंबून नसते. ताटातील अन्नात प्रथिनांचा वाटा किती आहे, यावरही ते ठरते, असा निष्कर्ष गेल्या तीन दशकांतील पोषणविषयक संशोधनातून पुढे आला आहे. अन्नातील प्रथिनांचे प्रमाण घटले की शरीर ती उणीव भरून काढण्यासाठी एकूण अन्नच अधिक मागते आणि त्या ओघात पिष्टमय व स्निग्ध पदार्थ गरजेपेक्षा जास्त पोटात जातात. प्रथिनांचे प्रमाण पुरेसे असेल तर भूक लवकर शमते.

भात आणि पोळी-भाकरी यांवर मुख्य भिस्त असलेल्या भारतीय आहाराच्या दृष्टीने या संशोधनाला विशेष महत्त्व आहे. एकीकडे मधुमेह आणि स्थूलता वाढत आहे, तर दुसरीकडे प्रथिनांच्या भुकट्यांची बाजारपेठ फोफावत आहे. अशा स्थितीत प्रथिने भूक नेमकी कशी आवरतात, त्यांचा चयापचयावर परिणाम किती होतो आणि या परिणामाच्या मर्यादा कोणत्या, याविषयी उपलब्ध असलेल्या माहितीचा हा आढावा.

प्रथिनांचे वेगळेपण

डच रसायनशास्त्रज्ञ गेरार्डस मुल्डर यांनी १८३८ मध्ये 'प्रोटीन' ही संज्ञा प्रथम छापील स्वरूपात वापरली. 'अग्रस्थानी असलेले' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ती घेण्यात आली असून स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी ती मुल्डर यांना सुचविली होती. मराठीत तिच्यासाठी 'प्रथिन' हा शब्द रूढ झाला.

आहारातून ऊर्जा पुरविणारे प्रमुख घटक तीन : कर्बोदके, मेद आणि प्रथिने. एक ग्रॅम कर्बोदकांतून किंवा प्रथिनांतून सुमारे ४ किलोकॅलरी, तर एक ग्रॅम मेदातून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. यांपैकी अतिरिक्त मेद शरीर चरबीच्या रूपाने जवळजवळ अमर्याद साठवू शकते. कर्बोदकेही ग्लायकोजेनच्या रूपाने यकृतात आणि स्नायूंत काही प्रमाणात साठविली जातात. प्रथिनांसाठी मात्र असे स्वतंत्र कोठार नाही. शरीरातील प्रथिने म्हणजे स्नायू, विकरे, प्रतिपिंडे, त्वचा आणि रक्तातील घटक. ती सर्व कामात गुंतलेली असतात. त्यांची दररोज झीज व पुनर्बांधणी होते आणि त्यासाठी लागणाऱ्या अमिनो आम्लांपैकी नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. साठा नाही आणि पर्यायही नाही, म्हणून प्रथिनांच्या पुरवठ्यावर शरीर बारकाईने लक्ष ठेवते, असे शास्त्रज्ञ मानतात.

तृप्तीचे संदेश

रक्तातील अमिनो आम्लांची पातळी वाढली की भूक मंदावते, असे निरीक्षण अमेरिकी वैद्यक मेलिंकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्येच नोंदविले होते. त्यामागची यंत्रणा उलगडण्यास मात्र पुढील अनेक दशके लागली.

अन्न पचू लागताच जठर व आतड्याच्या अस्तरातील विशिष्ट पेशी संप्रेरके स्रवतात. कोलेसिस्टोकायनिन हे त्यांपैकी एक. उंदरांना ते टोचल्यास त्यांचे खाणे कमी होते, असे १९७३ मध्ये दिसून आले. पीवायवाय आणि जीएलपी-१ ही आतड्याच्या खालच्या भागातून मोठ्या प्रमाणावर स्रवणारी संप्रेरके मेंदूला पोट भरल्याचा संदेश देतात आणि जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात. याउलट घ्रेलिन हे जठरातून स्रवणारे संप्रेरक भूक चेतविते. जपानी शास्त्रज्ञ कोजिमा व कांगावा यांनी ते १९९९ मध्ये शोधले. शरीरातील चरबीच्या साठ्याची वार्ता मेंदूला कळविणारे लेप्टिन हे संप्रेरक त्याआधी, १९९४ मध्ये, न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत उजेडात आले होते.

प्रथिनयुक्त जेवण या संदेशव्यवस्थेला ठळकपणे चालना देते. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या रेचल बॅटरहॅम यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सडपातळ आणि स्थूल अशा दोन्ही प्रकारच्या व्यक्तींमध्ये प्रथिनबहुल जेवणानंतर पीवायवायची पातळी सर्वाधिक वाढली आणि तृप्तीची भावनाही सर्वाधिक नोंदविली गेली. ज्या उंदरांमध्ये या संप्रेरकाचे जनुक निष्क्रिय करण्यात आले होते, त्यांच्यावर प्रथिनांचा भूक शमविणारा परिणाम झाला नाही आणि ते लठ्ठ झाले. संप्रेरक बाहेरून दिल्यावर हा दोष दूर झाला.

प्रथिने पुरेशी मिळाल्याचा संदेश असतो, तसाच ती कमी पडल्याचाही असतो. आहारातील प्रथिने घटली की यकृतातून एफजीएफ-२१ हे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवते. अमेरिकेतील लुइझियाना राज्यातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की प्रथिने कमी केल्यावर सर्वसाधारण उंदीर अधिक खाऊ लागतात. हे संप्रेरक नसलेले उंदीर मात्र तसा प्रतिसाद देत नाहीत.

मधुमेह आणि स्थूलतेवरील अलीकडच्या काळात गाजत असलेली औषधे जीएलपी-१ च्याच मार्गाने काम करतात. मात्र अन्नामुळे स्रवणारे संप्रेरक काही मिनिटांत विघटित होते, तर औषधाचा परिणाम आठवडाभर टिकेल अशी त्याची रचना केलेली असते. त्यामुळे एखादा खाद्यपदार्थ या औषधांइतकाच परिणामकारक असल्याचा दावा शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही.

टोळांपासून माणसापर्यंत

प्रथिने आणि भूक यांच्या नात्याचा सर्वांत प्रभावी सिद्धान्त कीटकांच्या अभ्यासातून आला. स्टीफन सिम्पसन आणि डेव्हिड राउबेनहाइमर यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या आरंभी २०० टोळांना प्रथिने व कर्बोदके यांचे वेगवेगळे प्रमाण असलेले २५ प्रकारचे खाद्य देऊन त्यांच्या खाण्याची काटेकोर नोंद केली. ज्या टोळांच्या खाद्यात प्रथिने कमी होती, ते प्रथिनांची गरज भागविण्यासाठी अधिकाधिक खात राहिले आणि अतिरिक्त कर्बोदकांमुळे लठ्ठ झाले. ज्यांच्या खाद्यात प्रथिने जास्त होती, ते लवकर थांबले. दोन्ही घटकांचा मेळ बसत नसेल तेव्हा टोळ प्रथिनांना प्राधान्य देतात, असा त्याचा अर्थ होता.

२००६ मध्ये सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत आढळणाऱ्या 'मॉर्मन क्रिकेट' या उडता न येणाऱ्या नाकतोड्यांच्या झुंडींविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. लाखोंच्या संख्येने पुढे सरकणारे हे कीटक प्रथिने आणि मीठ यांच्या शोधात असतात. ते न मिळाल्यास मागचा कीटक पुढच्याला खातो आणि त्याच भीतीने झुंड चालत राहते, असे त्यात दिसून आले.

या निरीक्षणांच्या आधारे दोघांनी २००५ मध्ये मानवी स्थूलतेविषयीचा सिद्धान्त मांडला होता. त्याला 'प्रथिन-तरफ सिद्धान्त' म्हणता येईल. तरफेच्या एका टोकाला दिलेला थोडा दाब दुसऱ्या टोकाचे मोठे वजन हलवितो. त्याचप्रमाणे आहारात प्रथिनांचा वाटा लहान असला, तरी त्यातील थोडासा बदल एकूण खाण्यात मोठा फरक घडवू शकतो.

यामागचे गणित सोपे आहे. एखाद्या व्यक्तीची प्रथिनांची दैनंदिन ओढ ६० ग्रॅम, म्हणजे २४० किलोकॅलरी आहे असे मानू. तिच्या अन्नातील १५ टक्के ऊर्जा प्रथिनांतून येत असेल, तर १,६०० किलोकॅलरी अन्नात ही ओढ भागते. प्रथिनांचा वाटा १२ टक्के असेल, तर त्यासाठी २,००० किलोकॅलरी अन्न खावे लागते आणि तो १० टक्क्यांवर आला, तर २,४०० किलोकॅलरी. प्रथिने तेवढीच राहतात, वाढतात ती बाकीची.

मानवी प्रयोगांतील पुरावा

सिद्धान्ताची पहिली चाचणी अगदी छोटी होती. स्वित्झर्लंडमधील एका पर्वतीय निवासात दहा जणांना काही दिवस एकत्र ठेवून प्रथम हवे ते खाऊ देण्यात आले. नंतर एका गटासमोर प्रथिनबहुल आणि दुसऱ्या गटासमोर प्रथिने कमी असलेले पदार्थ ठेवण्यात आले. दोन्ही गटांनी प्रथिने जवळपास पूर्वीइतकीच घेतली. मात्र दुसऱ्या गटाने एकूण अन्न अधिक खाल्ले. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे सिडनी विद्यापीठात २२ सडपातळ व्यक्तींवर अधिक नियंत्रित प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येकाला चार-चार दिवसांच्या टप्प्यांत १०, १५ आणि २५ टक्के प्रथिने असलेला आहार देण्यात आला. पदार्थांची चव आणि रूप सारखेच ठेवण्यात आले. प्रथिने १५ वरून १० टक्क्यांवर आणल्यावर एकूण ऊर्जासेवन सुमारे १२ टक्क्यांनी वाढले. ही वाढ मुख्यतः जेवणांच्या मधल्या वेळेत खाल्लेल्या खारट-चटपटीत पदार्थांमुळे झाली होती. प्रथिने १५ वरून २५ टक्क्यांपर्यंत वाढविल्यावर मात्र खाण्यात लक्षणीय घट झाली नाही.

या प्रयोगातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. प्रथिनांची ओढ अपूर्ण असते : केवळ तिच्यावरच खाणे ठरत असते तर ऊर्जासेवन १२ नव्हे, ५० टक्क्यांनी वाढले असते. तसेच कमतरतेच्या बाजूने हा परिणाम जितका ठळक दिसतो, तितका विपुलतेच्या बाजूने दिसेलच असे नाही.

अमेरिकेतील सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या २००५ मधील अभ्यासाचे चित्र काहीसे वेगळे होते. त्यात १९ व्यक्तींच्या आहारातील कर्बोदकांचा वाटा ५० टक्के कायम ठेवून, मेद कमी करून, प्रथिने १५ वरून ३० टक्क्यांवर नेण्यात आली. पोटभर खाण्याची मुभा असूनही त्यांचे दैनंदिन ऊर्जासेवन सरासरी ४४१ किलोकॅलरींनी घटले आणि बारा आठवड्यांत वजन सरासरी ४.९ किलोग्रॅमने कमी झाले.

अतिप्रक्रियायुक्त अन्नाच्या संदर्भातही प्रथिनांचा मुद्दा पुढे आला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांच्या नेतृत्वाखाली झालेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २० प्रौढांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे अल्पप्रक्रियायुक्त आहार देण्यात आला. अतिप्रक्रियायुक्त आहाराच्या काळात त्यांनी दररोज सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक घेतल्या आणि त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोग्रॅमने वाढले. वाढलेली ऊर्जा कर्बोदके आणि मेद यांतून आली. प्रथिनांचे सेवन जवळपास सारखेच राहिले. तथापि, प्रथिन-तरफेमुळे या फरकाचा फार तर निम्मा भाग स्पष्ट होऊ शकतो, असे संशोधकांनी नमूद केले. खाण्याचा वेग, अन्नाचा मऊपणा आणि त्यातील ऊर्जेची घनता हे घटकही तितकेच विचारात घ्यावे लागतात.

पचनाचा खर्च

अन्न पचविणे, शोषणे आणि त्यावर प्रक्रिया करणे यांसाठीही शरीराला ऊर्जा खर्चावी लागते. जेवणानंतर शरीरात निर्माण होणाऱ्या या उष्णतेचा पद्धतशीर अभ्यास जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ मॅक्स रुबनर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू केला. प्रथिनांतून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के, कर्बोदकांच्या बाबतीत ५ ते १० टक्के आणि मेदाच्या बाबतीत ० ते ३ टक्के ऊर्जा अशा प्रकारे खर्च होते. अमिनो आम्लांतील नायट्रोजन वेगळा करून त्याचे युरियात रूपांतर करणे आणि नवी प्रथिने बांधणे ही कामे खर्चिक असल्यामुळे हा फरक पडतो.

या आकड्यांच्या आधारे प्रथिने 'चरबी जाळतात' अशी जाहिरात केली जाते. प्रत्यक्षात हा लाभ मर्यादित आहे. दिवसाला २,००० किलोकॅलरी घेणाऱ्या व्यक्तीने प्रथिनांचा वाटा १२ वरून १८ टक्क्यांवर नेला आणि तेवढी कर्बोदके कमी केली, तर १२० किलोकॅलरींची अदलाबदल होते. पचनाच्या खर्चातील फरक त्यातून जेमतेम २० ते २५ किलोकॅलरी, म्हणजे अर्ध्या पोळीहूनही कमी भरतो. म्हणजेच प्रथिनांचा मुख्य परिणाम ऊर्जा जाळण्यात नसून भूक आवरण्यात आहे.

चयापचयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा परिणाम स्नायूंवर होतो. वजन घटते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. रक्तातील ग्लुकोजचा मोठा भाग स्नायू शोषून घेत असल्याने त्यांची झीज मधुमेहाच्या दृष्टीने हानिकारक ठरते. पुरेशी प्रथिने आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम यांच्या जोडीने ही झीज कमी करता येते.

मर्यादा आणि प्रतिवाद

अल्पकालीन प्रयोगांतील परिणाम दीर्घकाळ टिकतातच असे नाही. अमेरिकेत ८११ अतिवजनी प्रौढांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १५ आणि २५ टक्के प्रथिने असलेल्या आहारांची तुलना करण्यात आली. दोन वर्षांनंतर वजनातील घट दोन्ही बाजूंना जवळपास सारखीच होती. सहभागी व्यक्तींना ठरवून दिलेल्या प्रमाणावर टिकून राहणे जमले नाही, हे त्यामागचे एक कारण होते. दुसरीकडे, आठ युरोपीय देशांत वजन आधीच घटविलेल्या ७७३ प्रौढांवर झालेल्या २०१० मधील चाचणीत प्रथिने काहीशी अधिक आणि रक्तशर्करा सावकाश वाढविणारी कर्बोदके असा आहार घेणाऱ्यांचे वजन सहा महिन्यांत पुन्हा वाढले नाही.

तृप्ती केवळ प्रथिनांवर अवलंबून नसते, याचेही पुरावे आहेत. सिडनी विद्यापीठाच्या सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ३८ पदार्थांचा तृप्ती-निर्देशांक काढला. प्रत्येक पदार्थ सुमारे २४० किलोकॅलरी भरेल इतका देऊन पुढील दोन तासांतील तृप्ती मोजण्यात आली. त्यात पहिला क्रमांक मांस किंवा अंड्याचा नव्हे, तर उकडलेल्या बटाट्याचा लागला. लोणी घातलेला क्रोसाँ पाव शेवटचा ठरला. पाण्याचा अंश, तंतू, आकारमान आणि चावण्यास लागणारा वेळ हे घटकही भूक शमवितात.

प्रथिने जितकी अधिक तितके आरोग्य उत्तम, असेही म्हणता येत नाही. सिम्पसन यांच्याच गटाने उंदरांना २५ प्रकारचे आहार आयुष्यभर देऊन केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रथिने कमी व कर्बोदके जास्त घेणारे उंदीर सर्वाधिक जगले, जरी ते अधिक खात होते आणि त्यांच्या अंगावर चरबीही अधिक होती. हा निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लागू करता येणार नाही. मात्र प्रथिनांचा अतिरेक हे उद्दिष्ट असू शकत नाही, याची जाणीव तो करून देतो.

'प्रथिन-संकटा'चा धडा

पोषणशास्त्राच्या इतिहासात प्रथिनांनी यापूर्वीही एकदा जगाचे लक्ष वेधून घेतले होते. ब्रिटिश वैद्यक सिसिली विल्यम्स यांनी १९३३ मध्ये आजच्या घानामधील बालकांत आढळणाऱ्या क्वाशिओरकोर या कुपोषणजन्य विकाराचे वर्णन केले. त्याचे कारण प्रथिनांची कमतरता मानले गेले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर विकसनशील देशांतील कुपोषण म्हणजे प्रामुख्याने प्रथिनांचा तुटवडा, असे समीकरण रूढ झाले. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेले 'प्रथिन-संकट' टाळण्यासाठी अहवाल प्रसिद्ध केला. माशांची भुकटी, सूक्ष्मजीवांपासून प्रथिने, विशेष पौष्टिक पिठे अशा योजनांवर मोठा खर्च झाला. भारतातही म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाणा आणि हरभरा यांच्या पिठांपासून पौष्टिक मिश्रण तयार केले होते.

या समजुतीला संख्याशास्त्राच्या आधारे आव्हान देणाऱ्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे अग्रणी होते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. आहारपाहणीच्या आकडेवारीचे विश्लेषण करून त्यांनी असे मांडले, की भारतासारख्या देशांत प्रथिने कमी पडणाऱ्या बहुतेकांना मुळात पुरेसे अन्नच मिळत नाही. ऊर्जा अपुरी असेल तर शरीर मिळालेली प्रथिनेही इंधन म्हणून जाळून टाकते. त्यामुळे वेगळी प्रथिने पुरविण्यापेक्षा पोटभर नेहमीचे अन्न मिळणे महत्त्वाचे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेत सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातूनही बालकांच्या कुपोषणात ऊर्जेची कमतरता ही मोठी अडचण असल्याचे पुढे आले. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी 'द लॅन्सेट' या नियतकालिकातील लेखात या साऱ्या प्रकरणाला 'प्रथिनांचा महाफज्जा' असे संबोधले. कमी अन्नाशी शरीर जुळवून घेते, या सुखात्मे यांच्या पुढील काळातील मांडणीवर मात्र तीव्र वाद झाले आणि तिच्या टीकाकारांत गोपालन यांचाही समावेश होता.

वरवर पाहता सुखात्मे यांचा निष्कर्ष आणि आजचा प्रथिन-तरफ सिद्धान्त परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात दोघांचा गाभा एकच आहे : प्रथिनांचा विचार एकूण ऊर्जेपासून तोडून करता येत नाही. अन्न तुटपुंजे असताना प्रथिने जळून जातात; अन्न मुबलक पण प्रथिने विरळ असताना खाणे वाढते.

भारतीय ताटाची स्थिती

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीनुसार देशात दरडोई दररोज सरासरी सुमारे २,२०० किलोकॅलरी ऊर्जा आणि ६२ ते ६३ ग्रॅम प्रथिने घेतली जातात. ग्रॅमच्या हिशेबाने ही प्रथिने शिफारशीपेक्षा कमी नाहीत. मात्र एकूण ऊर्जेतील त्यांचा वाटा काढल्यास तो ११ टक्क्यांच्या आसपास भरतो. शिवाय ग्रामीण भागात जवळपास निम्मी आणि शहरी भागात सुमारे ४० टक्के प्रथिने तृणधान्यांतून येतात. धान्यातील प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असल्याने त्यांचा दर्जा मध्यम ठरतो. सरासरीच्या आड गरीब आणि श्रीमंत कुटुंबांतील, तसेच एकाच घरातील स्त्री-पुरुषांतील तफावतही झाकली जाते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने चेन्नई येथील मद्रास मधुमेह संशोधन प्रतिष्ठानने केलेल्या राष्ट्रव्यापी पाहणीत देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि १३ कोटींहून अधिक पूर्वमधुमेही असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. याच पाहणीतील १८,०९० प्रौढांच्या आहाराच्या विश्लेषणानुसार भारतीय आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून आणि सुमारे १२ टक्के प्रथिनांतून येते. कर्बोदकांपैकी मोठा भाग पांढरा तांदूळ, दळलेला गहू आणि साखर यांचा आहे. कर्बोदकांतील केवळ ५ टक्के ऊर्जेच्या जागी डाळी किंवा दुग्धजन्य पदार्थ यांतील प्रथिने आली, तरी मधुमेहाचा धोका घटू शकतो, असे गणिती प्रारूपांच्या आधारे संशोधकांनी २०२५ मध्ये नमूद केले. पांढऱ्या तांदळाऐवजी केवळ गव्हाचे किंवा भरडधान्यांचे पीठ वापरले, पण कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेच ठेवले, तर तसा लाभ दिसून आला नाही.

भारतीयांच्या शरीररचनेमुळे या निष्कर्षांचे गांभीर्य वाढते. पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात असे आढळले, की तेथील नवजात बालके सरासरी सुमारे २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउथहॅम्प्टन येथील बालके सुमारे ३.५ किलोग्रॅम वजनाची होती. भारतीय बालकांचे स्नायू कमी होते, मात्र त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्यक जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा शरीर-वस्तुमान निर्देशांक २२.३ इतका सारखाच होता. चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही स्नायू कमी आणि चरबी अधिक असू शकते. म्हणून वजनाच्या काट्याइतकेच स्नायूंच्या जपणुकीकडे लक्ष देणे आवश्यक ठरते.

किती आणि कशातून

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीला दररोज शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी आहेत. ६५ किलोग्रॅम वजनाच्या पुरुषासाठी हे प्रमाण सुमारे ५४, तर ५५ किलोग्रॅम वजनाच्या स्त्रीसाठी सुमारे ४६ ग्रॅम भरते. गर्भवती व स्तनदा माता आणि वाढत्या वयातील मुले यांची गरज अधिक असते. वृद्धांनी प्रतिकिलो १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे वार्धक्यातील स्नायुक्षयाचा अभ्यास करणाऱ्या अनेक तज्ज्ञांचे मत आहे.

संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत तृणधान्यांतून मिळणारी ऊर्जा ४५ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवण्याचा आणि डाळी, कडधान्ये, अंडी, मासे, मांस यांचा वाटा वाढविण्याचा सल्ला दिला आहे. सध्या तृणधान्यांचा वाटा ५० ते ७० टक्के, तर डाळी व मांसाहाराचा मिळून ६ ते ९ टक्केच असल्याचे त्यात म्हटले आहे. स्नायू वाढविण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या घेणे टाळावे, असेही या सूचना सांगतात.

धान्य आणि डाळ यांच्या जोडीने प्रथिनांचा दर्जा सुधारतो. डाळीत लायसिन भरपूर, पण मेथिओनिन कमी असते. धान्यात याच्या उलट स्थिती असते. वरण-भात, पिठले-भाकरी, राजमा-भात, इडली-सांबार, खिचडी या देशभरातील जोड्यांमागे हेच पूरकत्व आहे. मात्र त्यासाठी डाळीचे प्रमाण पुरेसे हवे. कच्च्या वजनाच्या हिशेबात तीन भाग धान्याला एक भाग डाळ हे प्रमाण योग्य मानले जाते. तूरडाळ, मूगडाळ आणि हरभराडाळ यांच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २२ ते २४ ग्रॅम प्रथिने असतात. परंतु पातळ वरणाच्या एका वाटीत १५ ग्रॅमच डाळ असेल, तर त्यातून मिळणारी प्रथिने जेमतेम ३ ग्रॅम भरतात. तुलनेने एका अंड्यातून किंवा पेलाभर दुधातून सुमारे ६ ग्रॅम, तर मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाण्यांतून सुमारे ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. शेंगदाण्यांत मेदही भरपूर असल्याने त्यांचे प्रमाण मर्यादित ठेवावे लागते.

निरोगी व्यक्तीने आहारातील प्रथिने माफक प्रमाणात वाढविल्यास मूत्रपिंडाला अपाय होतो, असे सिद्ध झालेले नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्यानेच ठरविणे आवश्यक आहे. दीर्घकालीन मधुमेहात मूत्रपिंडे नकळत बाधित झालेली असू शकतात. त्यामुळे मधुमेहींनी आहारात मोठा बदल करण्यापूर्वी तपासणी करून घेणे इष्ट ठरते.

आजवरच्या संशोधनाचा रोख प्रथिनांच्या अतिरेकाकडे नसून प्रमाणाकडे आहे. नेहमीच्या जेवणावर प्रथिनांचा वेगळा डोस चढविल्यास ऊर्जा आणखी वाढते. भाताची एक मूद किंवा एक पोळी कमी करून त्या जागी घट्ट वरण, उसळ, दही, अंडे किंवा मासे आल्यास ऊर्जा तेवढीच राहून प्रथिनांचा वाटा वाढतो. ज्या कुटुंबांत डाळीचा भाव हीच मुख्य अडचण आहे, तेथे हा बदल केवळ वैयक्तिक निवडीतून होणार नाही. शिधापत्रिकेवर प्रामुख्याने तांदूळ आणि गहू देणाऱ्या सार्वजनिक वितरण व्यवस्थेत डाळींना, तसेच शालेय पोषण आहारात अंडी, दूध व कडधान्यांना किती स्थान मिळते, यावरही तो अवलंबून राहील.